सुटलो की बुडालो?

परवा ओळखीचे एक बागायतदार काका पिशवी घेऊन आले. आत वाशीच्या पट्ट्या, औषधांची बिलं, राखणदाराच्या पगाराची वही. म्हणाले, "सगळं बघ नि एवढंच सांग, यंदा सुटलो की बुडालो?"

मंडळी, वीस वर्षं रत्नागिरीत लोकांचे हिशेब लिहितोय, पण दोन संध्याकाळी घालवूनही छातीठोक उत्तर देता येईना. पट्टीत भाडं, हमाली वजा होतेच, वर दलालाची उचलही कापलेली. उचल म्हणजे कर्ज, तिची फेड हा खर्च नव्हे. काका ती खर्चातच धरत होते. उलट घरच्या माणसांची मजुरी कुठेच नाही. कलमं धरती होईपर्यंत घातलेला पैसाही नाही. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, मग वही कोण ठेवतो!

गंमत म्हणजे झाडाचा हिशेब कसा मांडावा यावर जगभरच्या विद्वानांनी भरपूर वाद घातलाय. आंतरराष्ट्रीय लेखामानक ४१ प्रमाणे आधी झाड बाजारमूल्याने दाखवायचं होतं. २०१४ साली दुरुस्ती झाली: वर्षानुवर्षं फळ देणारं झाड यंत्रासारखं धरा, त्यावर घसारा काढा. हापूसच्या कलमाला हे चपखल बसतं. पण आपल्याकडे ते मानक मोठ्या कंपन्यांपुरतंच.

संशोधन फुकट असतं असं मी म्हणणार नाही. १९५१-५२ मध्ये ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी झाली. समितीत आपले धनंजयराव गाडगीळ होते. ६०० गावांत घरोघर विचारलं, तेव्हा कळलं की शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के. १९५४ साली अहवाल आला आणि १९५५ साली इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली.

आणि मी? एम.कॉम.ला खेळत्या भांडवलावर प्रकल्प केला. आकडे एका कंपनीच्या वार्षिक अहवालातून उतरवले, एकाही माणसाला भेटलो नाही. मार्क उत्तम पडले. आमच्या कॉमर्सच्या प्राध्यापकांनी पोरांना एक वर्ष तरी पावस-गणपतीपुळ्याच्या बागांत पट्ट्या गोळा करायला पाठवावं. हापूस एक वर्षाआड धरतो, त्यामुळे खरं तर दोन वर्षं.

काकांना शेवटी म्हटलं, "घरची मजुरी धरली तर बुडालात, नाही धरली तर सुटलात."

काका हसले. "म्हणजे बायको-पोरांनी तारलं म्हणायचं." पिशवी उचलून निघाले. नव्या हंगामाच्या उचलीसाठी दलालाला फोन करायचा होता.