काढलेले अनुमान

इंग्रजी शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने परवा आम्हांस विचारले, "फादर, 'इम्प्लाय' आणि 'इन्फर' यांत फरक काय?" आम्ही सहज उत्तर दिले : बोलणारा 'इम्प्लाय' करतो, म्हणजे सुचवितो, ऐकणारा वा पाहणारा 'इन्फर' करतो, म्हणजे अनुमान काढतो. ती समाधानाने गेली. आम्ही मात्र अस्वस्थ झालो. कारण या दोन्ही क्रियापदांनी आमच्या एका जुन्या चुकीची आठवण दिली.

पुण्यातील आमच्या धर्मग्रामात एक गृहस्थ दर रविवारी अंतिम आशीर्वादापूर्वीच मिस्सा सोडून जात. त्यांची भक्ती उथळ आहे, असे अनुमान आम्ही काढले. एका प्रवचनात, नाव न घेता, देवाच्या दारातून घाईने पळणाऱ्यांविषयी आम्ही बोललो. लोकांनी मागे वळून पाहिले. पुढे कळले की, घरी त्यांची आई अंथरुणाला खिळलेली होती आणि तिला सांभाळणारी बाई नेमकी त्याच वेळी निघून जाई. आम्ही क्षमा मागावयास गेलो, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "फादर, तुम्ही कुठं माझं नाव घेतलं होतं?"

१९५५ मध्ये कँडीहून पुण्यास आलेल्या पेपल सेमिनरीत असताना आम्ही तर्कशास्त्र शिकलो. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे, हे न्यायशास्त्राचे उदाहरण तेव्हापासून पाठ आहे. मात्र धुक्यालाच धूर समजले, तर ते अनुमान टिकत नाही.

'इन्फर'चे मूळ लॅटिन 'इन्फेर्रे'; अर्थ 'आत नेणे'. मराठीत आपण अनुमान 'काढतो'. त्या गृहस्थांच्या वागण्यातून आपण काही काढले, असे आम्हांस वाटले. वस्तुतः आमचाच संशय आम्ही त्यात नेऊन ठेवला होता.

हे क्रियापद आजच्या अर्थाने संत थॉमस मोर यांनी १५२८ मध्ये वापरलेले आढळते. राजास ख्रिस्तसभेचा प्रमुख ठरविणाऱ्या कायद्याविषयी ते मौन राहिले. १५३५ मधील खटल्यात अभियोग पक्षाने त्या मौनातूनही राजद्रोहाचे अनुमान काढले. कायदा मौनास संमती मानतो, हे त्यांचे म्हणणे व्यर्थ गेले. त्यांचा शिरच्छेद झाला.

विद्यार्थिनीस दिलेले उत्तर अपुरे होते. नाव न घेता सुचविणाऱ्यास, अनुमान लोकांनीच काढले, असे म्हणून सुटता येत नाही. आता एखादे बाक रिकामे दिसले, की आम्ही प्रथम त्या घरी जाऊन विचारतो.