बी बाजू

दादा पुण्याहून इंग्रजी गाण्यांची कॅसेट भरून घेऊन आला, तेव्हा मी सातवीत होते. नाशिकच्या आमच्या दोन खोल्यांत टेपरेकॉर्डर एकच, आणि तो फीत खायचा. मग कॅसेटच्या चाकात पेन्सिल घालून सैल फीत हळूहळू गुंडाळायची. ते काम माझं. कुठलं गाणं किती फेऱ्यांवर आहे, हे बोटांना पाठ झालं होतं. बी बाजूच्या सुरुवातीलाच गायिका ग्लोरिया गेनरचं गाणं. आधी पियानोचे सूर ओघळत येतात, मग ठेक्याशिवाय एकटीचा आवाज, जपून टाकलेल्या पावलांसारखा. ड्रम सुरू झाले की तोच आवाज ताठ उभा राहतो. शब्द कळायचे नाहीत, पण ते ताठ होणं कळायचं.

तो आवाज ताठ का होतो, ते उमगायला चाळिशी उलटावी लागली. जिन्यावरून पाय घसरला, मणक्याचं ऑपरेशन झालं आणि तीन महिने कमरेला कडक पट्टा आला. खोल श्वास घेतला की तो बरगड्यांत रुतायचा. पडल्या पडल्या मोबाइलवर जुनी गाणी शोधताना ग्लोरियाविषयी वाचलं. १९७८ साली न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमध्ये कार्यक्रम चालू असताना ती पाठीवर पडली. तिच्याही मणक्याचं ऑपरेशन झालं, आणि 'आय विल सर्व्हाइव्ह' तिने पाठीला पट्टा बांधूनच गायलं. गाणं प्रियकराने सोडलेल्या बाईचं. तिच्या मनात मात्र स्वतःची पाठ होती आणि काही वर्षांपूर्वी गेलेली आई. मी गाणं पुन्हा लावलं. या वेळी माझं लक्ष शब्दांकडे नव्हतं, तिच्या श्वासांकडे होतं.

मूळ रेकॉर्डवरही हे गाणं बी बाजूलाच होतं. कंपनीचा भरवसा पुढच्या बाजूच्या 'सब्स्टिट्यूट'वर. ग्लोरिया ती रेकॉर्ड घेऊन स्टुडिओ ५४ या क्लबात गेली आणि तिथल्या डीजेने उलटी बाजू लावली. मार्च १९७९ मध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. हे गाणं डिस्को शैलीतलं, आणि त्याच वर्षी जुलैत त्या शैलीला विरोध म्हणून शिकागोच्या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या रेकॉर्डी स्फोटकांनी उडवल्या गेल्या. १९८० मध्ये तिला सर्वोत्कृष्ट डिस्को रेकॉर्डिंगचं ग्रॅमी मिळालं. तो पुरस्कार त्यानंतर पुन्हा कधी दिलाच नाही.

डिस्कोची लाट ओसरली, तरी ती गात राहिली. डिस्कोआधीही ती गातच होती. साठच्या दशकात 'सोल सॅटिस्फायर्स' या बँडबरोबर क्लबांत. मग १९७५ च्या अल्बमवर तीन गाणी मध्ये न थांबता जोडलेली, जवळजवळ १९ मिनिटांची अख्खी बाजू, नाचणाऱ्यांचे पाय थांबू नयेत म्हणून.

फिजिओथेरपीच्या दिवसांत मी 'आय विल सर्व्हाइव्ह' लावून खोलीतल्या खोलीत चालायचे. पियानो संपेपर्यंत भिंतीला हात, ड्रम आले की हात सोडायचा. पट्टा सुटला, तो आता कपाटात त्या कॅसेटशेजारीच ठेवलाय. कुणी अंथरुणाला खिळलं, की मी त्याला हे गाणं पाठवते आणि या पट्ट्याची गोष्ट सांगते.

आणि शेवटी हेही सांगते. ग्लोरियाच्या न्यूअर्कच्या घरात भावांची गॉस्पेल गाणारी चौकडी होती. ती मुलगी, म्हणून तिला त्यात घेत नसत. पहिल्या ग्रॅमीनंतर ४० वर्षांनी, २०२० मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी तिला दुसरं ग्रॅमी मिळालं. ते गॉस्पेलसाठी होतं.