एका लिटरची किती फुलपात्रं

ती शंभर पानी वही होती. मागच्या कव्हरवर पाढे, पुढच्या कव्हरवर मुलाचं नाव आणि इयत्ता खोडून खाली निळ्या पेनानं लिहिलेलं 'दवाखाना'. २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूरच्या माझ्या ओपीडीत एका बाईंनी ती टेबलावर ठेवली. त्यांच्या मालकांची किडनी प्रत्यारोपणाची फाइल पुण्याला पाठवायची होती आणि जुने काही रिपोर्ट सापडत नव्हते. "कागद गेले असतील साहेब, पण आकडे सगळे ह्यात हायेत," त्या म्हणाल्या.

आकडे खरोखरच होते. मालक यंत्रमागावर कामाला, बाई विड्या वळायच्या. रोज हजार विडी मोजून कारखान्यात द्यायची सवय असलेल्या माणसाचा हिशेब चुकत नाही. तारीख, वजन, बीपी, क्रिएटिनिन, गोळ्यांचा खर्च, रिक्षाचं भाडं, सगळं ओळीनं. पण आकड्यांच्या अधेमधे काही वाक्यं होती आणि त्यातली बरीचशी माझ्याबद्दल होती. त्यांना विचारून मी वही रात्री घरी नेली आणि पहिल्या पानापासून वाचली.

पहिली नोंद जून २०१६ ची. "क्रिएटिन ४.१. साहेब म्हणाले किडनी ८० टक्के गेली. डायलिसिस. पुढचं ऐकू आलं नाही."

पुढे मी काय बोललो असेन ते मी आजही सांगू शकतो, कारण ते मी रोज बोलतो. डायलिसिस आज लागणार नाही, बीपी ताब्यात ठेवलं तर दोन-तीन वर्षंही मिळतील, मीठ कमी करा, पाठ दुखली म्हणून मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या घेऊ नका, डाव्या हाताची नस जपा. आठ-दहा मिनिटं बोललो असेन. त्यातलं एक अक्षर वहीत नव्हतं. माझ्या वाक्यातला शेवटचा, दूरचा शब्द मी आधी उच्चारला होता आणि त्यानंतर त्या खोलीत बोलणारा फक्त मी होतो.

आमच्या शाखेत ही चूक महाग पडते, याचं कारण त्या अवयवाच्या स्वभावात आहे. मुठीएवढी एक किडनी, तिच्यात सुमारे दहा लाख गाळण्या. दोन्ही मिळून दिवसाला १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत रक्तात घेतात. गाळण्या मरू लागल्या की उरलेल्या जादा काम उचलतात, तक्रार न करता. निम्मं काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिन पुष्कळदा रिपोर्टमधल्या 'नॉर्मल'च्या आतच राहतं. हार्टचा पेशंट छातीवर हात ठेवून येतो, त्याला पटवावं लागत नाही. आमचा पेशंट मागावरची पाळी संपवून, डबा हातात घेऊन, पायाला थोडी सूज दिसते म्हणून येतो. त्याला काहीही दुखत नसतं. त्याच्या आजाराचा एकमेव साक्षीदार म्हणजे एक कागद आणि त्या कागदाचा अर्थ सांगणारा मी. मग मी तो कसा सांगतो हे औषधाइतकंच महत्त्वाचं ठरतं. एम.डी.नंतर डी.एम.ची तीन वर्षं आम्ही मानेत नळी घालायला शिकतो, किडनीचा सुईएवढा तुकडा तपासायला काढायला शिकतो. हे सांगायला कुणी शिकवत नाही.

वहीतली एक नोंद मी अनेकदा वाचली. फेब्रुवारी २०१७. "काढा चालू आहे हे सांगायचं नाही. साहेब रागावतात." तीन महिन्यांत क्रिएटिनिन ४.४ वरून ६.८ वर गेलं होतं आणि मी गोळ्या बदलत बसलो होतो. कुठल्यातरी गावातून आणलेला, किडनी साफ करणारा म्हणून विकला जाणारा काढा. त्याच्यामुळेच किडनी ढासळली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, आजार तसाही पुढं सरकत होता. पण मला माहीत असतं तर मी तो बंद करून वाट पाहिली असती. मला माहीत नव्हतं, कारण त्याच्या आधीच्या भेटीत मी दुसऱ्या एका पेशंटवर अशाच काढ्यावरून आवाज चढवला होता आणि हे दोघं दाराशी बाकावर बसले होते.

त्याच पानावर खाली: "आज वर बघितलं नाही. रिपोर्ट बघितला."

हाताच्या ऑपरेशनचंही तसंच झालं. फिस्टुला करून घ्या असं मी तीनदा सांगितलं आणि तीनदा ते 'बघू' म्हणाले. बघू म्हणण्यामागं एक पक्की समजूत होती, जी मराठवाड्यापासून कोकणापर्यंत मी सगळीकडं ऐकली आहे: मशीनची सवय लागते, एकदा लावलं की कायमचं. खरं उलट आहे. घोणस चावलेला, लेप्टोनं किंवा जुलाबानं किडनी अचानक बंद पडलेला माणूस काही दिवस डायलिसिस घेतो, किडनी सावरली की मशीन सुटतं, त्याची सवय कुणाला लागत नाही. ज्यांच्या गाळण्याच कायमच्या गेल्या, त्यांना मशीन लागतं ते गाळण्या नाहीत म्हणून. पण मी हे समजावलंच नव्हतं. मी फक्त "उशीर करताय" म्हणालो होतो.

आणि हात का, हेही सांगितलं नव्हतं. मशीन मिनिटाला अडीचशे-तीनशे मिलिलिटर रक्त ओढतं. चार तासांत साठ-सत्तर लिटर, म्हणजे अंगातलं तेच पाच लिटर रक्त पुन्हा पुन्हा फिरवून. हाताची साधी शीर एवढं देऊच शकत नाही. १९४३ मध्ये नेदरलँड्समध्ये डॉ. विलेम कोल्फ यांनी कृत्रिम किडनी बनवली, तरी कायमच्या रुग्णांना तिचा उपयोग नव्हता, कारण दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. १९६० मध्ये सिएटलच्या डॉ. स्क्रिबनर यांनी टेफ्लॉनची नळी हातात कायमची बसवली, आणि १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रेशिया आणि सिमिनो या डॉक्टरांनी नळीही काढून टाकली. मनगटाजवळ धमनीला शीर जोडायची, धमनीच्या जोरानं शीर फुगते, जाड होते, आणि आठवड्यातून तीनदा टोचलं तरी टिकते. फक्त ती तयार व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणून ती आधी करायची असते. हे मी आता चहाच्या गाळणीपासून सुरू करून सांगतो आणि लोकांना समजतं. तेव्हा सांगितलं नाही, आणि जुलैच्या एका रात्री ते धाप लागून, ओठ निळे पडलेले, बसूनच श्वास घेत आले. मानेत नळी घालून मशीन लावावं लागलं. वहीत: "मानेत नळी. झोपेत मान वळवत नाहीत. मी जागी."

फिस्टुला झाल्यावरची नोंद मात्र मला आवडते. जोडलेल्या शिरेवर बोट ठेवलं की आत थरथर लागते, कान लावला तर घरघर ऐकू येते. ती चालू आहे म्हणजे हात चालू आहे. "रात्री झोपले की हात धरून बघते. जात्यासारखा आवाज. चालू आहे." अशी ओळ पुढं कितीतरी पानांवर आहे, शेवटी नुसतं "चालू" एवढंच.

मग पाणी.

ज्याची लघवी जवळजवळ थांबली त्याला दिवसाला साधारण लिटरभरच पाणी घेता येतं, आणि आम्ही ते प्रिस्क्रिप्शनवर एका ओळीत लिहून मोकळे होतो. वहीत: "पाणी एक लिटर. एक लिटर म्हणजे किती, विचारायचं राहिलं." दुसऱ्या दिवशीची नोंद: "बिसलेरीची बाटली आणली. फुलपात्रानं मोजली. सहा." त्यानंतर त्या घरात सकाळी तांब्यात सहा फुलपात्रं पाणी भरून ठेवलं जाई. चहा प्यायला की एक फुलपात्र तांब्यातून झाडाला. वाटीभर आमटी घेतली की तेवढं झाडाला. ताक, कलिंगडाची फोड, सगळ्याचा हिशेब. संध्याकाळी तांब्यात उरेल तेवढंच त्यांचं. डायलिसिस युनिटमधल्या आहारतज्ज्ञांनी पुढं हीच रीत इतरांना शिकवली, ती या बाईंची आहे हे मला वही वाचून कळलं.

एवढं करूनही एकदा घोळ झाला. दिवाळीचा. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळची पाळी त्यांची होती (युनिटला दिवाळीची सुट्टी नसते, मशीनवरच्या माणसाला दोन दिवसांपलीकडं थांबता येत नाही), ती नीट झाली. मग भाऊबीजेला बहिणीकडं गेले. "चिवडा, शेव, चकली. आग्रह झाला. रात्रभर तहान. वजन साडेतीन किलो जास्त. साहेब सगळ्यांसमोर बोलले." अंगातलं एक किलो वाढलेलं वजन म्हणजे एक लिटर अडकलेलं पाणी. पंचावन्न किलोच्या माणसाचं चार तासांत अडीच-पावणेतीन लिटरपेक्षा जास्त ओढायला गेलं की बीपी कोसळतं, पोटऱ्यांत गोळे येतात. त्या दिवशी आले. त्यांच्या ओरडण्याचा आवाज मला आठवतो, माझं बोलणं आठवत नाही. वहीत आहे: "जगायचं आहे का नाही असं म्हणाले."

मी चुकीच्या जागी धरत होतो. पाणी कमी प्या, पाणी कमी प्या. ज्याच्या जिभेवर मीठ आहे त्याला तहान लागणारच, ती तहान मनाच्या निग्रहानं रोखायची नसते, मीठ रोखायचं असतं. फराळाचा चिवडा घरी बिनमिठाचा करून वर लिंबाचे दोन थेंब, एवढं मी आधी सांगितलं असतं तर पुरलं असतं. बाजारात कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं ते तर या पेशंटनं हातात धरू नये, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं आणि साचलेलं पोटॅशियम हृदय थांबवतं. याच कारणानं मला भेटायला येणाऱ्यांच्या हातातल्या शहाळ्याची भीती वाटते. आपल्याकडं आजाऱ्याला शहाळं नेणं म्हणजे माया. डायलिसिसच्या पेशंटला त्या एका शहाळ्यात केळ्याइतकं, कधी त्याहून जास्त पोटॅशियम मिळतं. दिवाळीचा अंक वाचणाऱ्यांनी एवढं एक जरूर लक्षात ठेवावं. भेटायला जा, हात हलवत जा.

वही परत देताना मी बाईंची क्षमा मागितली. त्या गोंधळल्या. "तुमच्यामुळं तर जगले," म्हणाल्या. ते मान्य करून गप्प बसणं सोपं होतं. मी त्यांना सांगितलं की यातली काही पानं मी माझ्या शिकाऊ डॉक्टरांना वाचून दाखवणार आहे. नाव काढून दाखवा, म्हणाल्या. तेव्हापासून माझ्या ओपीडीत नवीन पेशंटला पहिल्या भेटीत मी एकच गोष्ट सांगतो आणि मग विचारतो, "घरी गेल्यावर काय सांगणार?" त्यांच्या तोंडून ती परत ऐकल्याशिवाय दुसरी सांगत नाही. पुढची तारीख आठवड्याभरातली देतो. त्यामुळं बाहेरची रांग लांबते आणि लोक चिडतात, ती चीड रास्त आहे. सरकारी योजनेमुळं (राजीव गांधी जीवनदायी, २०१७ पासून महात्मा फुले जन आरोग्य योजना) मागावरच्या माणसालाही डायलिसिस परवडू लागलं, ही फार मोठी गोष्ट आहे. माणसं आली, तेवढ्या प्रमाणात डॉक्टर वाढले नाहीत.

किडनी बाईंचीच जुळली. १९९४ च्या कायद्यानं नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं जवळचे नातेवाईक म्हणून किडनी देऊ शकतात, २०११ च्या दुरुस्तीनं आजी-आजोबा आणि नातवंडंही त्यात आली. यादी मोठी झाली तरी देणाऱ्यांत बायकाच जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर बदललेलं नाही. म्हणून दात्याशी मी दार लावून, एकटीशी बोलतो. नको असेल तर तसं मला सांगा, घरच्यांना मी 'तब्येतीत बसत नाही' एवढंच सांगेन, पुढचं कुणाला कळणार नाही. काही बायकांनी या दारामागं 'नको' म्हटलं आहे आणि मी तो शब्द पाळला आहे.

यांनी 'नको' म्हटलं नाही. एकच विचारलं, "एका किडनीवर हजार विडी होईल का?"

होईल, म्हणालो. उरलेली किडनी थोडी मोठी होते, दोघींच्या कामातलं सत्तर टक्के एकटी उचलते. दोन-तीन महिने जड उचलायचं नाही. आणि दर वर्षी बीपी आणि लघवी तपासायला यायचं, न चुकता, कारण देऊन झालं की दात्याला सगळे विसरतात, आम्हीसुद्धा. त्या दिवशीच्या पानावर, तीन वर्षांत पहिल्यांदाच, त्यांचं स्वतःचं वजन होतं: ४७.

पुण्याला ऑपरेशन झालं. महिन्याभरानं दोघं तोंडाला मास्क लावून आले. क्रिएटिनिन १.२. मी गोळ्यांच्या वेळा सांगितल्या आणि म्हणालो, आता पाणी भरपूर, तीन लिटर. ते काही बोलले नाहीत. बाईंनी पिशवीतून स्टीलचं फुलपात्र काढलं, माझ्याच टेबलावरच्या जगमधून भरलं आणि त्यांच्या हातात दिलं. दोन वर्षं चमच्यानं ओठ ओले करणारा तो माणूस फुलपात्र धरून बसला. त्यानं एक घोट घेतला, थांबला, आणि माझ्याकडं पाहिलं.

"प्या," मी म्हणालो. "पूर्ण प्या."

"अठरा ना साहेब?" बाईंनी विचारलं, आणि नवी वही उघडली.