ओल्या लाकडाचा धूर

विस्तवाशिवाय धूर निघत नाही, असं कुणीतरी म्हणतं, बाकीचे माना डोलावतात आणि एखाद्या माणसाचा निकाल लागतो. कुणाची सोयरीक मोडलेली असते, कुणाचं नाव पतपेढीच्या घोळात कुजबुजलं जात असतं. पुरावा काय, असं विचारणारा उगाच फाटे फोडणारा ठरतो. मला अशा वेळी नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे जुने तार्किक, आठवतात. या धुराच्या मागे ते शतकानुशतकं हात धुऊन लागले होते.

त्यांचा नमुना ठरलेला. पलीकडच्या डोंगरावर विस्तव आहे, ही प्रतिज्ञा. धूर दिसतोय, हा हेतू. जिथे धूर तिथे विस्तव, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. तसाच धूर इथेही आहे, हा उपनय. म्हणून विस्तव आहेच, हे निगमन. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’पासून ज्यांनी न्यायाचा श्रीगणेशा केला, त्यांना हा डोंगर पाठ असतो. माझा जीव मात्र अडकतो स्वयंपाकघरात. गौतमाच्या न्यायसूत्रांत दृष्टांताला अट आहे: सामान्य माणूस आणि जाणता परीक्षक, दोघांनाही तो मान्य हवा. भांडण डोंगराचं, पण त्याआधी दोघांनी एका चुलीपाशी येऊन बसायचं. टीव्हीवरच्या रात्रीच्या चर्चेत ही चूलच नसते. प्रत्येक जण आपापला डोंगर घेऊन येतो.

मग धुराची झडती. आषाढात आंबोलीच्या घाटात दरीतून पांढरे लोट वर येतात. नवख्याला वाटावं, खाली रान पेटलंय. ते धुकं असतं. धूर की वाफ, हेच ठरलं नसेल तर हेतूच असिद्ध, असं जुने तार्किक बजावतात. अफवा ऐकताना आपण नेमकी हीच पायरी गाळतो.

त्याहून मला आवडते ती उलटी बाजू. धूर तिथे विस्तव, हे कबूल; म्हणून विस्तव तिथे धूर, असं होत नाही. लोहाराने भट्टीतून काढलेला लालबुंद गोळा पाहा. आग आहे, धुराचं नाव नाही. मग विस्तवातून धूर निघतो तरी केव्हा? सरपण ओलं असेल तेव्हा. आडून काम करणाऱ्या या अटीला त्यांनी ‘उपाधी’ म्हटलं. हे वाचलं आणि आजोळची पावसाळी चूल डोळ्यांपुढे आली. लाकूड एका टोकाला धुमसायचं, दुसऱ्या टोकाला, कापलेल्या तोंडाशी, बारीक फेस यायचा आणि चुरचुर आवाज करत वाळायचा. आजी फुंकणी घेऊन वाकलेली, डोळे लाल, घरभर काळोख. विस्तव म्हणावा तर तांदूळभर. उन्हाळ्यात तीच चूल वाळक्या फाट्यांवर भडभडून पेटायची आणि डोळ्यांत पाणी यायचं नाही. बोभाटा मोठा म्हणजे पाप मोठं, हा हिशोब त्या चुलीपाशी टिकला नसता. धूर किती, हे लाकडाच्या ओलीवर.

माझी पुतणी कॉलेजच्या वादविवाद स्पर्धा गाजवते. चिठ्ठीत निघेल त्या बाजूने तावातावाने बोलते. गौतमाच्या लेखी हा जल्प, जिंकण्यासाठीचा. स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं नुसतं खोडत बसली, तर वितंडा. तिला मी डोंगर सांगायला घेतला, तर म्हणाली, “काका, आपल्या स्वयंपाकघरात धूर कुठाय? इंडक्शनवर तर विस्तवही नाही.”

“त्याने काही बिघडत नाही,” मी म्हटलं. “विस्तवावाचून धूर दाखव, मग नियम मोडेल.”

“आणि जगातला सगळा धूर कुणी तपासलाय?”

हा थेट अनुमानच न मानणाऱ्या चार्वाकाचा आक्षेप. नैयायिक उदयनाचार्यांनी त्याला दिलेलं उत्तर मी पुढे केलं: शंकेलाही हद्द असते; शंका घेणाराच धूर हवा झाला की मुकाट्याने विस्तव पेटवायला बसतो.

“ती सवय झाली. सिद्ध कुठे झालं?”

ताटं वाळून गेली, वहिनींनी दोनदा हाक मारली, तरी ती सोडेना. या खेपेला तिच्या हातात कुणी चिठ्ठी दिलेली नव्हती.