माजघराची बेडरूम करताना

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या जुन्या मातीच्या घरांत झोपायची वेगळी खोली कधी नव्हतीच. ओसरी होती, माजघर होतं, सैपाकघर होतं, मागे परसदार. झोपायचं कुठे हे ऋतू ठरवायचा. थंडीत माजघर, पावसाळ्यात ओसरीचा कोरडा कोपरा आणि होळी झाली की सगळं घर अंगणात नाहीतर धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर. बाज उचलायची आणि वारा असेल तिथे टाकायची. आता डास आहेत, चोरीची धास्ती आहे, शेजारच्या तीन मजली घराच्या खिडक्या थेट आपल्या धाब्यावर उघडतात आणि साठी उलटलेल्या गुडघ्यांना शिडी चढवत नाही. बारा महिन्यांची झोप एका खोलीत येऊन पडली आहे आणि ती खोली बहुतेक घरांत माजघरच असते. पुण्याला किंवा संभाजीनगरला नोकरीला असलेली मुलं म्हणतात, "आईबाबांसाठी एक चांगली बेडरूम करून द्या." पलंग कुठला, कपाट कुठलं, रंग कोणता, हे विचारतात. मी आधी एवढंच विचारते, मे महिन्यात रात्री अकरा वाजता या खोलीत कसं वाटतं?

कारण या घराची खरी अडचण रात्रीची आहे. दीड-दोन फुटांच्या मातीच्या भिंतीतून उन्हाची धग आत पोचायला निम्म्या दिवसाहून जास्त वेळ लागतो. म्हणून भर दुपारी आत शिरलं की अंगाला गारवा लागतो. सिंदखेड राजाला लखुजीराजे जाधवांच्या वाड्यात लोक १२ जानेवारीला, जिजाऊंच्या जयंतीला, लाखांनी येतात. घर बांधणाऱ्याने मात्र तिथे एकदा मे महिन्यातल्या दुपारी जावं, चौकातल्या उन्हातून जाड भिंतीच्या सावलीत पाऊल टाकावं आणि मग स्वतःच्या घराचा विचार करावा. पण त्याच भिंती दिवसभर पोटात घेतलेली उष्णता रात्री सोडत राहतात. बाहेर हवा उतरलेली असते, आत मात्र उकाडा कोंडलेला. पूर्वीच्या लोकांना याचा त्रास नव्हता, ते तेव्हा धाब्यावर असायचे. आज माणूस आत आहे, तर रात्रीची हवा त्याच्यापर्यंत आत आणावी लागेल. माझं सगळं काम या एका गोष्टीभोवती फिरतं. फर्निचर त्यानंतर.

त्यासाठी लागणारी वस्तू बहुतेक घरांत आधीच असते: धाब्यातला झरोका. चुलीचा धूर आणि गरम हवा त्यातून वर जायची. गॅस आला आणि लोकांनी त्यावर पत्रा किंवा काच टाकून तो बंद केला. मी तो पहिल्यांदा उघडते. भोवती विटांचा हातभर उंच कठडा, वर पावसासाठी टोपी, बाजूंनी बारीक जाळी. वारा पडलेल्या रात्रींसाठी त्यात लहान एक्झॉस्ट पंखा. खाली ओसरीकडच्या दाराला आतून कडी लागणारं जाळीचं दुसरं दार, म्हणजे लाकडी दार रात्रभर उघडं ठेवता येतं आणि भीती राहत नाही. मग शिस्त पाळायची: सकाळी आठ-नऊला सगळं बंद, दिवेलागणीनंतर सगळं उघडं. भिंतींना रात्रभर वारा लागला की दुसऱ्या दुपारचा गारवा आपोआप वाढतो. कूलर लावणार असाल तर समोरची खिडकी उघडी हवीच. बंद खोलीत कूलर चालला की दमट हवा साचते, अंग चिकचिकतं आणि ओल भिंतीत मुरते.

चिखली तालुक्यातल्या एका घरात मागच्या हिवाळ्यात असंच काम केलं. तीन खणांचं माजघर, मधोमध दोन सागवानी खांब. मुलाचा आग्रह होता, खांब काढा, लोखंडी गर्डर टाका, मोठा पलंग बसवू. आमचे मिस्त्री खांबावर हात ठेवून म्हणाले, "हा काढला तं धाबा कशाच्या भरवशावर राहीन, मॅडम?" खांब खाली दगडी उथाळ्यावर बसलेला, वर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर किलच, त्यावर पऱ्हाट्या आणि सगळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. हे वजन भिंतीपेक्षा जास्त खांबांवर आलेलं असतं. खांब राहिले. पलंग दोन खांबांच्या मधल्या खणात बसवला, उशाकडची फळी खांबांना लागून, दोन्ही खांबांवर हाताशी येतील असे दिवे. वायर खांबाच्या मागून पितळी चिमट्यांनी वर नेली, कारण मातीच्या भिंतीत खाचा मारल्या की भिंत कमजोर होते आणि त्या खाचांतून वाळवीला वाट मिळते.

त्याच माजघराच्या एका अंगाला बळद होतं, जवारी साठवायचं. वरून धान्य ओतायचं, खालच्या भोकातून काढायचं. मुलाला ते पाडायचं होतं. त्याच्या आईला, काकूंना, नको होतं, पण नको का म्हणायचं ते त्यांना सांगता येईना. आम्ही समोरची भिंत फोडली तेव्हा आत तीन फूट खोल कोरडी जागा निघाली, तळाला वाळलेला लिंबाचा पाला, एकही ओलीचा डाग नाही. धान्य टिकावं म्हणून इतकी कोरडी ठेवलेली जागा कपड्यांनाही उत्तमच. फळ्या टाकल्या, सागाची दोन दारं लावली. बाजारातून आणलेलं कपाट खोलीतली एवढीच जागा अडवून बसलं असतं. काकूंनी देवळ्याही बुजवू दिल्या नाहीत. एका देवळीत आता औषधं आणि पाण्याचा तांब्या असतो.

सिमेंटबद्दल मी हट्टी आहे. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की घेतलेली ओल सोडायला वाट राहत नाही. दोन-चार पावसाळ्यांत आतली माती भुसभुशीत होते, गिलावा बोटाने ठोकला तर पोकळ वाजतो आणि एके दिवशी पापुद्र्यासकट खाली येतो. गव्हाचा भुसा घालून आठवडाभर कुजवलेल्या मातीचं लिंपण आणि वर चुन्याचे दोन-तीन हात, एवढं पुरतं. घाटाखाली, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात आणखी एक पथ्य: लिंपणाला, चुन्याला बोअरचं खारं पाणी वापरू नये. ते मीठ भिंतीतच राहतं, दर हिवाळ्यात पांढरं होऊन बाहेर येतं आणि भिंत लोण्याने खाल्ली जाते. गोड्या पाण्याचा टँकर महाग वाटतो, पण पुन्हा लिंपण्याहून स्वस्त पडतो.

पीओपीच्या छतालाही माझा विरोध आहे. कड्या डोळ्यांसमोर असल्या की वाळवीचा पहिला मातीचा पट्टा दिसतो, गळतीचा पहिला डाग दिसतो. पीओपीमागे तो दिसेपर्यंत कडी पोखरलेली असते.

'अटॅच' बाथरूम सगळ्यांना हवं असतं, आणि रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाला ते हवंच. पण ते माजघरातल्या खणात घालू नये. परसदाराच्या बाजूला वेगळ्या भिंतींवर बांधावं, पाया काळ्या मातीतून खाली मुरुमापर्यंत न्यावा आणि जुन्या भिंतीपासून दोन बोटं अंतर ठेवावं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जुनं आणि नवं एकजीव केलं की दरवर्षी त्याच जागी तडा जातो. फट राहू द्यावी, वर पट्टी मारावी. मधला उंबरठा उंच असेल तर आतल्या बाजूने उतार द्यावा आणि पायाशी मंद दिवा रात्रभर चालू ठेवावा.

खामगावच्या जुन्या पेठेतल्या घरांचं गणित वेगळं. १८७० मध्ये जलंबहून रेल्वे आली, कापसाचा व्यापार वाढला, त्या पैशातून विटा-चुन्याची दुमजली घरं उभी राहिली. तिथे झोपायची खोली माडीवर, वर पत्रा. भिंतीचा नाही, पत्र्याचा बंदोबस्त करावा लागतो. लाकडी तक्तपोशी असेल तर ती काढू नका. पत्रा आणि तक्तपोशी यांमधल्या पोकळीच्या दोन्ही टोकांना जाळी बसवून गरम हवेला बाहेर जाऊ द्या.

काम काढायचं तर दिवाळी झाल्यावर. हिवाळ्यात लिंपण सावकाश वाळतं, उन्हाळ्यात तडकतं. धाब्यावरचा नवा थर संक्रांतीनंतर घ्या, पण मृगाच्या आधी तो नीट बसलेला हवा. पलंगाचं आणि दारांचं माप मात्र लिंपण पुरतं वाळल्यावरच द्या. दोन्ही भिंतींनी मिळून दोन-तीन इंच जागा खाल्लेली असते आणि जुन्या खणांत कपाटाचं दार पलंगाला अडणार की मोकळं उघडणार, हे तेवढ्यावरच ठरतं.