माझ्या कादंबऱ्यांचं गाव

मी वाचलेल्या बहुतेक कादंबऱ्या वाईत घडल्या. लेखकांनी त्या कोकणात, लंडनमध्ये, क्वचित रशियात घडवल्या असतील, तो त्यांचा प्रश्न. आजोळचं घर म्हणजे मधोमध चौक, तीन बाजूंनी ओसरी आणि डावीकडून माडीवर जाणारा अंधारा जिना. त्याची वरून दुसरी पायरी करकरायची. माझ्या वाचनातले सगळे खुनी त्या जिन्यानं उतरले आणि त्या पायरीवर चाहूल देऊन गेले. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार माडीच्या खिडकीतून उडी मारायचा तो थेट परसातल्या आजीच्या कर्दळीत. शेरलॉक होम्सला मी माडीवरची मागची खोली दिली होती. तिथे खरं तर वर्षाचा गहू भरून ठेवलेला असायचा, पण त्यानं कधी तक्रार केली नाही.

हे मी ठरवून करत नव्हते. लेखक लिहितो, तो जिना चढून वर गेला. जिना कसा होता हे तो फार तर एका ओळीत सांगेल, एरवी तेही नाही. उरलेला जिना वाचणाऱ्यानं पदरचा घालायचा. शाळकरी मुलीच्या पदरी जिने असून असणार किती?

पुस्तकं वाचनालयातली, खाकी कागदाची कव्हरं घातलेली. त्यांत आधीच्या वाचकांची पेन्सिल फिरलेली असे. ‘पुढे कंटाळा’, ‘वा!’, ‘हे पान सावकाश वाचा’. एका रहस्यकथेच्या अगदी सुरुवातीलाच कुणीतरी समासात लिहून ठेवलं होतं, ‘खुनी दिवाणजी’. त्या गृहस्थाला मी आजतागायत माफ केलेलं नाही.

जागा अशा पक्क्या होत्या, चेहरे मात्र नव्हते. सिनेमा पाहिला आणि मनातला चेहरा पुसला गेला, ही हळहळ मी पुष्कळांकडून ऐकली आहे. ती मला कधी नीट कळलीच नाही. ‘स्वामी’ मी नववीत वाचली. रणजित देसाईंचे माधवराव थेऊरला शेवटचे दिवस काढत होते आणि मी माडीवर उशीत तोंड खुपसून रडत होते. पण त्या माधवरावांचं नाक कसं होतं असं कुणी विचारलं असतं, तर मला सांगता आलं नसतं. धारदार म्हणाले असते, कारण पेशव्यांची नाकं तशीच असायची अशी आमची समजूत. थेऊर मात्र लख्ख दिसत होतं. चिंतामणीच्या देवळाच्या जागी आमचा ढोल्या गणपती, मुळा-मुठेच्या जागी कृष्णा, आणि माधवरावांचा पलंग ओसरीवर, आजोबांच्या झोपाळ्याशेजारी.

पुढे दूरदर्शनवर मालिका आली. रवींद्र मंकणी माधवराव, मृणाल देव रमाबाई. मंकणी आले आणि माझ्या माधवरावांच्या जागेवर जाऊन बसले. कुणाला उठवावं लागलं नाही, कारण तिथे कुणी बसलेलंच नव्हतं. आज ‘स्वामी’ उघडली तरी तेच दिसतात आणि माझं काही बिघडत नाही. भांडण झालं ते वाड्याशी. महालाची दारं भलत्याच बाजूला, चौक गायब. मी न राहवून म्हणाले, ‘‘जिना डावीकडे आहे.’’ ‘‘कुणाचा?’’ वडिलांनी विचारलं. याला काय उत्तर देणार!

चेहऱ्यांच्या बाबतीत प्रत्येक पिढी आपापला नट बरोबर आणत असावी. चिं. वि. जोशींचा चिमणराव म्हटला की आजीपुढे १९४० सालच्या ‘लग्न पहावे करून’मधले दामुअण्णा मालवणकर उभे राहत, आमच्यापुढे दिलीप प्रभावळकर, आणि गुंड्याभाऊ म्हणून बाळ कर्वे. दोन्ही पिढ्या आपलाच खरा म्हणून वाद घालायच्या. तो वाद घालायला माणसं जमलेली असायची, हे सुख पुस्तकाला नाही. पुण्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये टीव्ही मोजक्याच घरांत. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट लागला की त्या घरांत चपला ठेवायला जागा उरत नसे. पुस्तकावर मी एकटी खुदकन हसले की आई काळजीनं बघायची. इथे वीस-पंचवीस माणसं एकाच क्षणी हसायची, आणि विनोद न कळलेलीही त्यांच्याबरोबर हसायची. ‘श्यामची आई’ला तर सगळी खोली मुसमुसली होती. पुस्तक वाचून मी रडले होते ते कुणाला कळू न देता. इथे शेजारच्या काकूंनी आपला पदर अर्धा मला दिला.

माझं नेपथ्य ‘बनगरवाडी’ला पहिल्यांदा तोकडं पडलं. व्यंकटेश माडगूळकरांचा तरणा मास्तर पायी चालत त्या धनगरांच्या वाडीत येतो, आणि मी त्याला आपला वाईच्या हिरव्यागार बांधांवरून आणला. दुष्काळ पडला तेव्हा मी कृष्णा आटवून पाहिली. ती आटेना. माणसं वाडी सोडून निघाली, ती घाटाच्या पायऱ्या चढून. पुस्तक मला अतोनात आवडलं होतं, तरी त्यातला माळ मला दिसलाच नव्हता, हे १९९५ मध्ये अमोल पालेकरांचा सिनेमा आल्यावर उमगलं. झाड नाही, आडोसा नाही, एवढं उघडं आभाळ माझ्या साठ्यात नव्हतंच. मास्तर त्या वाडीत किती एकटा होता हे मला त्या आभाळानं सांगितलं.

म्हणून ‘पुस्तकच श्रेष्ठ’ असं जे सरसकट म्हटलं जातं त्यात मी मान डोलवत नाही. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरच्या ‘सिंहासन’मध्ये (१९७९) शेवटी निळू फुल्यांचा दिगू टिपणीस रस्त्यात वेड्यासारखा हसत सुटतो. ‘तो वेड्यासारखा हसत सुटला’ हे कागदावर एका वाक्यात उरकतं. डोळा पुढे जातो. पडद्यावर ते हसणं थांबत नाही, आणि तुम्हाला पुढे जाता येत नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्येही तसंच. सुट्टी लागण्यापूर्वीचं कामकाज संपतं, माणसं निघून जातात, दिवे मालवले जातात, आणि कॅमेरा त्या रिकाम्या कोर्टात आपल्याला बसवून ठेवतो. हे कादंबरीत असतं तर मी तीन ओळी गाळून पुढच्या प्रकरणावर गेले असते, हे मला पक्कं ठाऊक आहे.

पण वेग दुसऱ्याच्या हातात जातो तो असा दोन्ही बाजूंनी. ‘कोसला’त पांडुरंग सांगवीकरची धाकटी बहीण गेली तेव्हा मी पुस्तक मिटून कपाटावर ठेवलं आणि बरेच दिवस तिकडे फिरकले नाही. पांडुरंग तिथे थांबला माझ्यासाठी. सिनेमात अशा वेळी मध्यंतर होत नाही. मध्यंतर होतं ते नायक-नायिका भांडल्यावर, पॉपकॉर्न घ्यायला.

‘शाळा’ची गंमत वेगळीच. मिलिंद बोकिलांच्या कादंबरीत मुकुंदा जोशीच्या डोक्यात अखंड बडबड चालू असते. शिरोडकर समोर आली तरी तोंडातून शब्द फुटत नाही, आत मात्र पानंच्या पानं. सिनेमात तो नुसता बघतो. मुलानं काम सुरेख केलं आहे, बघतोही छान, पण ज्यांनी पुस्तक वाचलं होतं ते त्या बघण्यात आपल्या आठवणीतली बडबड भरून घेत होते. मी तरी घेत होते.

मधल्या काळात एक अजब गोष्ट झाली. मामानं वाईचं घर विकलं, तिथे अपार्टमेंट उभं राहिलं, आणि त्याच सुमाराला मुंबईचे सिनेमावाले वाईला येऊ लागले. ‘गंगाजल’मध्ये वाई बिहार झाली. ‘स्वदेस’मध्ये मेणवलीचा नाना फडणविसांचा घाट उत्तर प्रदेशातलं चरणपूर झाला. थिएटरात बाजूचे लोक शाहरुख खानकडे बघत होते. मी त्याच्या मागच्या पायऱ्यांकडे. त्या पायऱ्यांवर मी आधीच कितीतरी युरोपियन कादंबऱ्यांची प्रेमप्रकरणं लावून दिली होती, त्यामुळे उत्तर प्रदेशाचं मला विशेष वाटलं नाही. फक्त एवढंच, की आम्हाला त्यासाठी जनरेटरची गाडी लागली नव्हती.

भावाची मुलगी कोथरूडच्या फ्लॅटमध्ये वाढली. वाडा तिनं पाहिला तो सहलीत, तिकीट काढून. पाचवीत असताना तिला मी चिमणरावाचं पुस्तक दिलं, आणि ही पोर चौक-ओसरी कुठून आणणार, अशी काळजी मनात होती. दोन दिवसांनी विचारलं, ‘‘चिमणराव राहतो कुठे गं?’’

‘‘बी विंगमध्ये,’’ ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली. ‘‘तिसऱ्या मजल्यावर.’’

‘‘आणि गुंड्याभाऊ?’’

‘‘त्याला लिफ्ट आवडत नाही, आत्या. तो जिन्यानं येतो.’’