डबल भेटन का?

६ डिसेंबरची रात्र. साल २०२५. पोंभुर्ण्याच्या विहारात अभिवादन झालं, मेणबत्त्या विझल्या, म्हातारी माणसं घरी गेली. आम्ही आठ-दहा जण सतरंजीवर बसून राहिलो. उद्या ७ तारीख, म्हणजे सशस्त्र सेना ध्वजदिन. १९४९ पासून पाळतात. शाळेत असताना छातीला टाचायचं ते झेंड्याचं छोटं तिकीट आम्ही सगळ्यांनीच विकत घेतलेलं. तो पैसा जातो कुठं, यावर बोलणं चाललं होतं.

एक पोरगी भिंतीला टेकून बसली होती. बारावी झालेली. पहाटे पाचला डांबरी सडकेवर धावते, भरतीसाठी. वाघाची भीती म्हणून तिचा बाप सायकल घेऊन मागं असतो. ती म्हणाली, "दादा, मी फौजेत गेली, अन् नवराबी फौजीच भेटला, अन् दोघंबी रिटायर होऊन आलो, तं आमच्या लेकराले डबल भेटन का?"

सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र झोप येईना. मी फौजीचा पोरगा. मला सिंगलच कधी मिळालं नाही, डबलचं मी काय सांगणार?

दोस्तहो, मी मूलकडच्या एका राईस मिलमध्ये काम करतो. धान उतरवतो, पोती शिवतो, थप्पी लावतो. संध्याकाळी नाकातोंडातून कोंडा निघतो. अकरावीत शाळा सुटली. पुढचं जे काही शिकलो ते विहारातल्या कपाटातून आणि रद्दीतून. कविता लिहितो. माझ्या कवितेत कोरेगावचा खांब पाच वेळा आला आहे, बापाचं मेडल दोनदा. बापाची पेन्शन एकदाही आलेली नाही. हे मला त्या पोरीच्या प्रश्नानंतर कळलं.

बाप महार रेजिमेंटमध्ये शिपाई होता. १९८७ ला गेला, सतरा वर्षं काढून २००४ ला पेन्शनीवर आला. मायचा बापही फौजी. म्हणजे दोन्हीकडून आम्ही फौजेचेच. पण शौक म्हणून कोणी गेलं नव्हतं. आमच्याकडं बांदी असते ती दुसऱ्याची, आपल्याकडं रोवणीची मजुरी. मे महिन्यात तेंदूपत्ता, मग पावसाची वाट. ज्याच्या छातीचं माप भरलं तो फौजेत गेला, नाही भरलं तो मिलमध्ये. माझं भरलं नाही.

बाप २०१२ ला वारला. मी तेरा वर्षांचा, बहीण सात. पत्र्याची काळी पेटी राहिली, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. आत डिस्चार्ज बुक, पीपीओ, दोन मेडल. या पेटीत काय काय आहे हे मायला ठाऊक नव्हतं. आम्हालाही नाही. आम्ही मेडलं पुसून ठेवली आणि कागद उंदरांना सोडले.

मायच्या फॅमिली पेन्शनचं घोडं अडलं ते नावावर. फौजेच्या कागदात मायचं माहेरचं नाव, राशन कार्डात सासरचं. एका कचेरीच्या खिडकीवरचा बाबू म्हणाला, "या दोन बाया वेगळ्या आहेत." माय म्हणाली, "साहेब, मी एकटीच आहो, दुसरी कुठून आणू?" बाबू हसला. माय नाही हसली. प्रतिज्ञापत्र, गॅझेट, सरपंचाचा दाखला, पुन्हा प्रतिज्ञापत्र, असं करत सहा वर्षं गेली. प्रत्येक खेपेला तिची एक दिवसाची मजुरी बुडाली आणि लाल गाडीचं भाडं वेगळं. पेन्शन सुरू झाली तेव्हा मी मिलमध्ये पक्का झालो होतो.

आणि त्या सहा वर्षांत कोणी सांगितलं नाही की पेन्शनीहून वेगळी एक चीज असते, पोरांच्या शिक्षणाचं अनुदान. बाबूनं नाही, सरपंचानं नाही, आणि आपल्या चळवळीतल्या कोणी म्हणजे कोणीच नाही. १ जानेवारीला गाडी भरून कोरेगावला नेणारे होते.

आता त्या पैशाचं सांगतो. ध्वजदिनाचा निधी आहे त्यातून रक्षा मंत्री माजी सैनिक कल्याण निधी चालतो. हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकाच्या किंवा त्याच्या विधवेच्या दोन मुलांपर्यंत, पहिलीपासून पदवीपर्यंत, शिक्षणाचं अनुदान मिळतं. महिन्याला १००० होतं. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना २००० केलं. अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या पोर्टलवर भरायचा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून तो पुढं जातो. पास झालेल्या वर्गाचं मिळतं. म्हणजे पोरगं आधी पास व्हायला पाहिजे, पैसा मागून येतो. ज्याला पुस्तकासाठी पैसा पाहिजे त्यानं आधी पुस्तकाशिवाय पास व्हायचं. असो, पण मिळतं.

दुसरी पंतप्रधान शिष्यवृत्ती. इंजिनिअरिंग, मेडिकल, बीएड असल्या व्यावसायिक शिक्षणाला. बारावीला ६० टक्के पाहिजेत. २०१९-२० पासून मुलीला महिन्याला ३०००, मुलाला २५००. देशभरात वर्षाला ५५०० जागा, अर्ध्या मुलींच्या. लढाईत मेलेल्याची, अपंग झालेल्याची मुलं आधी, धडधाकट परत आलेल्या शिपायाची शेवटी. तिसरी चंद्रपूरची सैनिकी शाळा, बल्लारपूरच्या वाटेवर, २०१९ ला सुरू झाली. १५ टक्के जागा अनुसूचित जातीला आहेत, आजी-माजी सैनिकांच्या मुलांचा वाटा वेगळा आहे. आपलं पोरगं दोन्ही दारातून जाऊ शकतं. किती जणांनी फॉर्म भरला, आपापल्या वस्तीत विचारून पाहा.

एक गोम आहे, ती कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावी. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला घरच्या उत्पन्नाची अडीच लाखांची रेघ मारलेली. पेन्शन उत्पन्नात धरतात. हवालदार होऊन आलेल्याची पेन्शन ही रेघ ओलांडते. म्हणजे बाप जातीनं महार आणि नोकरीनं फौजी, दोन्ही खरं, पण शिष्यवृत्तीच्या खिडकीवर एक खरं दुसऱ्या खऱ्याला खाऊन टाकतं. फीची माफी राहते, निर्वाहभत्ता जातो.

आता डबलचं. आई फौजी, बाप फौजी, दोघंही माजी सैनिक, तर पोराला डबल? नाही. शिष्यवृत्ती पोराची असते. एक पोरगं, एक वर्ग, एक अनुदान. फॉर्मवर माजी सैनिकाचं नाव लिहायला एकच रकाना. डबल होतं ते मेल्यावर. केंद्राच्या नागरी नोकरांच्या नियमात आई-बाप दोघंही नोकरदार असून दोघंही गेले, तर मागं राहिलेल्या लेकराला दोन्ही फॅमिली पेन्शनी मिळतात. दोन्ही मिळून वरची मर्यादा ४५,००० होती, २०२१ मध्ये सव्वा लाख केली. हे मी पोरीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मंग डबलसाठी दोघंबी मरा लागते?"

पण मला खटकलं ते दुसरंच. आई-बाप दोघंही माजी सैनिक, अशी लेकरं आजवर असतात कुणाच्या घरी? अधिकाऱ्यांच्या. फौजेत बाया होत्या त्या डॉक्टर, नर्स, आणि १९९२ पासून इतर शाखांतल्या अधिकारी. त्यांनाही सरळ मिळालं नाही. चौदा वर्षं नोकरी करवून घ्यायची आणि अधिकाऱ्याच्या पेन्शनला वीस वर्षं लागतात म्हणून रिकाम्या हातानं घरी पाठवायचं. त्या बाया कोर्टात गेल्या, वर्षानुवर्षं लढल्या, आणि १७ फेब्रुवारी २०२० ला सुप्रीम कोर्टानं कायम कमिशनचा निकाल दिला. शिपायाच्या वर्दीत बाई आली ती त्याच्याही नंतर. मे २०२१ मध्ये बंगळुरूहून लष्करी पोलिसांतल्या ८३ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. आपल्यासारख्या घरातली पोरगी शिपाई म्हणून लागेल, पंधरा वर्षांनी पेन्शन घेईल, तिचा नवराही शिपाई असेल, असं दार पहिल्यांदा उघडलं.

किती दिवस उघडं राहिलं? एक वर्ष. १४ जून २०२२ ला अग्निपथ आलं. आता मुलगा असो की मुलगी, शिपायाची भरती अग्निवीर म्हणूनच. चार वर्षं. शंभरातले पंचवीसपर्यंत ठेवणार, बाकीचे घरी. हातात सेवानिधी, व्याज धरून पावणेबारा लाखांच्या आसपास, त्यात अर्धा त्याच्याच पगारातून कापलेला. पेन्शन नाही. ग्रॅच्युइटी नाही. आणि अटीत स्पष्ट छापलं आहे की माजी सैनिकाचा दर्जा नाही. निमलष्करी दलांत राखीव जागा देऊ म्हणाले, ते खरं आहे. पण ती पुन्हा नोकरीची रांग झाली.

हा दर्जा म्हणजे काय ते नीट पाहा. १९८७ नंतर सुटलेल्यांत माजी सैनिक धरतात तो पेन्शनीवर आलेला, किंवा नोकरीपायी अपंग होऊन आलेला, किंवा ठरलेली मुदत पुरी करून ग्रॅच्युइटी घेऊन आलेला. अग्निवीर ठरलेली मुदत पुरी करतो. फक्त ग्रॅच्युइटी काढून घेतली. तो माजी सैनिक नाही, म्हणून त्याचं पोरगं माजी सैनिकाचं पोरगं नाही. वर सांगितलेल्या योजना बंद झालेल्या नाहीत. त्यांच्यात पुढं शिरणारी लेकरंच कमी केली.

बायकांना चौदा वर्षं, पेन्शनला वीस. अग्निवीराला चार, पेन्शनला पंधरा. हिशोब जुनाच आहे.

आणि आपल्याला हा हिशोब आणखी जुना वाटायला पाहिजे. बाबासाहेब कुणाचे पोर? सुभेदार रामजींचे. आई भीमाबाई मुरबाडकरांची, तिचा बापही फौजेत सुभेदार-मेजर. दोन्हीकडून फौज. फौजेनं त्या घराला मेडल किती दिले ते सोडा, शाळा दिली. जुन्या फौजेत शिपायाच्या मुला-मुलींना शिक्षण सक्तीचं होतं. ज्या काळात गावची शाळा आपल्या पोराला ओट्याखाली बसवत होती, त्या काळात छावणीत महाराची पोरगी पाटीवर अक्षर काढत होती. रामजी स्वतः फौजी शाळेत शिकवत. बाबासाहेबांनी हे पुन्हा पुन्हा लिहून ठेवलं आहे.

मग १८९० नंतरच्या वर्षांत आपली भरती बंद केली. लढाऊ जात नाही म्हणाले. बाबासाहेब तेव्हा पाळण्यात. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला, १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी विलायतेपर्यंत अर्ज पाठवला. आपण ते अर्ज मानाचे म्हणून वाचतो. मला वाटतं ते पोटाचे आणि पाटीचेही होते. भरती बंद म्हणजे छावणी बंद, छावणी बंद म्हणजे शाळा बंद. १९१७ ला लढाईत माणसं कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली, १९२१ ला मोडली. पुन्हा लढाई लागली तेव्हा १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट. गरज असली की लढाऊ, गरज सरली की घरी. चार वर्षांचं गणित १९१७ लाही चारच वर्षांचं होतं, पाहा.

मी फौजेचा भक्त नाही. बाप दारूच्या भरात काय बडबडायचा ते मी ऐकलं आहे, ते इथं लिहीत नाही. पण १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर आपण पुस्तकं विकतो, बिल्ले विकतो. तिथं एक टेबल या फॉर्मांचं का नसावं? डिस्चार्ज बुकात पोराचं नाव चढलं आहे का, बायकोचं नाव आधारशी जुळतं का, एवढं दोघं पोरं बसून पाहू शकतात. बाप जिवंत असतानाच पाहायचं. मेल्यावर सहा वर्षं लागतात.

मी पेटी उघडली. उंदरांनी एक कोपरा खाल्लेला, नंबर शाबूत. बहीण बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पहिलं पास झाली. मोबाईलवर फॉर्म भरला. मायनं सही केली, आता तिचं एकच नाव आहे. बहिणीचं मागचं सगळं बुडालं, एवढं एक वर्ष तरी सापडलं. माय म्हणाली, "तुयंबी भर." मी म्हटलं, माये, मी सव्वीस वर्षांचा आहो. ती म्हणाली, "मंग का झालं, तू बी त्याचंच लेकरू ना गा?"

त्या पोरीला मी सगळं कागदावर लिहून दिलं. तिनं विहाराच्या दिव्याखाली उभ्याउभ्या वाचलं. चार वर्षांपाशी बोट ठेवून थांबली.

"मंग चार वर्सांनी मी कोन?"

मी काही बोललो नाही. तिनं कागदाची घडी करून कुर्त्याच्या खिशात घातली, उद्या पाचला उठायचं आहे म्हणाली, आणि गेली. बाहेर तिचा बाप सायकलची हवा तपासत होता.